केशर आणि करडई

केशराचें मोल त्याच्या दुर्मिळपणांत आहे. एका जांभळ्या फुलांत तीनच तांबडे तंतू; किलोभर केशरास सुमारें १,५०,००० फुलें लागतात. काश्मीरांतील पांपूरचें हें धन सामान्यांस कोठून परवडावें? सोलापूरच्या काळ्या रानांत मात्र रब्बीस करडई पिकते. तिच्या नारिंगी पाकळ्यांचा कुसुंबी रंग पूर्वीं वस्त्रांस चढे. त्याच पाकळ्या वाळवून लबाड व्यापारी केशरांत मिसळीत. १८५६ सालीं पर्किननें कृत्रिम रंग शोधला; पुढें अशा स्वस्त रंगांनीं कुसुंब्याचा व्यापार बसविला. करडई गळिताचें पीक म्हणून तगली आणि घरोघरच्या फोडणीस तेल पुरवीत राहिली. भेसळीचा डाग तिच्या नांवास लागला खरा; परंतु तो दोष झाडाचा नव्हे, तराजू धरणाऱ्या हाताचा.