निवळीतली साखर

आमच्या जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर एक होमिओपॅथीचे डॉक्टर राहत असत. चिमूटभर पांढरी भुकटी ते कागदाच्या पुडीत बांधून देत, आणि ती जिभेवर टाकली की पोटदुखी खरोखरच थांबे. निदान आम्हा मुलांची तरी थांबे, कारण ती मुळात नसेच! डॉक्टरांना आमचे ढोंग कळत असावे. बाटलीतल्या औषधाचा थेंबही न घालता ते नुसती कोरडी भुकटी आमच्या हातावर ठेवीत. आजीला मात्र गंभीरपणे सांगत, "काकू, ही दुधाची साखर. उपासालाही चालते." मग आजी एकादशीलाही पुडी निःशंकपणे घेई. ते दूध कुठल्या गायीचे, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. आता उतारवयात मला तो पडला, आणि त्या पुडीचा माग काढता काढता मी थेट आल्प्स पर्वताच्या कुरणांत जाऊन पोहोचलो.

गायीच्या दुधात शेकडा साडेचार ते पाच भाग साखर असते. दुधाला जी मंद गोडी असते ती हिचीच. उसाच्या साखरेच्या मानाने हिची गोडी अगदी बेताची, पाव हिश्शाच्या आसपास. शास्त्रकार तिला दुग्धशर्करा म्हणतात आणि कारखानदार लॅक्टोज. बासुंदी फार आटवून गार करून ठेवली तर कधी कधी जिभेला रवाळ लागते. तो रवा म्हणजे हीच साखर, गोठून बसलेली. पण दूध नासले किंवा विरजले, की घट्ट भागाबरोबर ती फारशी जात नाही. खाली जे हिरवट-पिवळे पाणी उरते, ज्याला आपण निवळी म्हणतो, तिच्यातच ती बहुतेक राहून जाते.

हे पाणी आपल्या पूर्वजांच्या ओळखीचे होते. चातुर्मास्य यागातल्या वैश्वदेव पर्वात तापलेल्या दुधात दही घालून ते नासवीत. घट्ट भाग ती आमिक्षा, विश्वेदेवांची. पाणी ते वाजिन, वाजिन नावाच्या देवतांचे. यावरून मीमांसकांनी एक मोठा मजेदार वाद घातला आहे. दूध नासवायचे ते कशासाठी? दोन्हींसाठी, की एकासाठीच? निकाल असा लागला की सारा खटाटोप आमिक्षेसाठी. वाजिन आपले ओघाने हाती लागते. ते संपले तर त्याच्यासाठी नव्याने दूध नासवायचे कारण नाही. मीमांसकांनी त्या पाण्याला गौण ठरवले खरे, पण त्याला एक देवता तरी होती. आमच्या घरात श्रीखंडासाठी चक्का टांगला की खालच्या पातेल्यातले पाणी फार तर आमटीत जाई, नाहीतर सरळ मोरीत.

युरोपात या पाण्याचे नशीब निराळे निघाले. इटलीतल्या बोलोन्याचे वैद्य फाब्रित्सिओ बार्तोलेत्ती यांनी निवळीतून हा क्षार काढल्याचे १६३३ पर्यंत छापून आले होते. क्षारच म्हणायचे, कारण ही साखर आहे हे कोणास ठाऊक नव्हते. १७०० साली व्हेनिसच्या लोदोविको तेस्ती नावाच्या औषधविक्याने, हिच्यामुळे सांधेदुखीसुद्धा बरी होते अशा गुण आलेल्या लोकांच्या साक्षींची एक पुस्तिकाच काढली. (प्रशस्तिपत्रे छापून औषध खपवण्याची विद्या आपल्याला वाटते त्याहून जुनी आहे.) अखेर १७८० साली स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शेले याने ती साखर असल्याचे सिद्ध केले.

पण विद्वानांपेक्षा स्वित्झर्लंडच्या गवळ्यांनी तिचे खरे चीज केले, आणि तेही चीज करता करताच! शंभर लिटर दुधाचे सुमारे दहा किलो चीज होते. उरलेली नव्वद लिटर निवळी डुकरांना पाजायची ती किती? मग डोंगरावरच मोठमोठ्या कढयांत ती आटवीत आणि खाली बसलेली मळकट साखर गावात आणून पुन्हा विरघळवून शुद्ध करीत. ल्यूसर्न प्रांतातले मार्बाख हे गाव या धंद्यासाठी नावाजले होते. पाकात काड्या किंवा दोरे सोडून ठेवीत आणि त्यांच्याभोवती स्फटिकांचे कणखर दंडगोल जमत. एकोणिसाव्या शतकातल्या औषधग्रंथांत दुग्धशर्करेचे वर्णनच असे आहे, की मधोमध दोरा किंवा काडी असलेले दंडगोल. आपल्या खडीसाखरेतला दोरा काढून टाकताना मला आता त्यांची आठवण होते.

जर्मनीचे डॉक्टर हानेमान यांना आपली औषधे अतिसूक्ष्म प्रमाणात घोटायची होती. त्यासाठी कठीण, कोरडी, औषधाशी न भांडणारी भुकटी हवी. उसाची साखर हवेतले पाणी चटकन ओढून घेते. दुधाची तशी ओढत नाही. त्यांनी हीच निवडली. होमिओपॅथी हिंदुस्थानात आली तेव्हा ही भुकटीही तिच्याबरोबर आली. लाहोरला महाराजा रणजितसिंगांवर १८३९ मध्ये होनिगबर्गर या डॉक्टराने हे उपचार केले. पुढे कलकत्त्याचे नामांकित डॉक्टर महेंद्रलाल सरकार, जे आधी या पद्धतीचे कडवे टीकाकार होते, ते १८६७ साली तिचे पुरस्कर्ते झाले, आणि गावोगावच्या पेटीत दुधाची साखर जाऊन बसली. आमच्या आजीची पुडी ती हीच. स्विस चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, हे तिला कोणी सांगितले नाही, हे बरेच झाले!

इतके दिवस ही भुकटी औषधाची नुसती वाहक होती. १९४१ साली तिने औषध घडवायला मदत केली. युद्ध पेटलेले, पेनिसिलिनचा गुण कळला होता, पण बुरशीपासून ते निघे थेंबाथेंबाने. इंग्लंडहून फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले. तिथे अँड्र्यू मॉयर यांनी बुरशीच्या खाद्यात मक्याच्या स्टार्च कारखान्यातले सांडपाणीवजा सत्त्व घातले आणि साध्या साखरेऐवजी लॅक्टोज दिले. उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. कारण मोठे गमतीचे आहे. चटकन पचणारी साखर मिळाली की बुरशी नुसती फोफावते. लॅक्टोज तिला सावकाश फोडून खावे लागते, आणि अशा अर्धपोटी अवस्थेतच ती पेनिसिलिन तयार करते. एका कारखान्याने टाकलेले पाणी आणि दुसऱ्याने टाकलेल्या पाण्यातली साखर, अशा दोन टाकाऊ वस्तूंनी हजारो जखमी सैनिक वाचवले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा जगभर पेनिसिलिनच्या खाद्यात लॅक्टोज ही नेहमीची वस्तू होती. पुढे साधी साखर थेंबथेंब सोडण्याची युक्ती निघाली आणि हे काम तिच्याकडून गेले.

दुसरे मात्र वाढले. थायरॉइडच्या गोळीत खरे औषध असते पन्नास मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल इतके. बाकीची गोळी कशाची? पुष्कळदा लॅक्टोजची. दम्याच्या रोग्याने पंपात घालून ओढायच्या कॅप्सूलमध्येही औषधाचे कण हिच्या कणांवर बसून येतात. बाळाच्या डब्यातल्या दुधात ती घालतात, कारण आईच्या दुधात शेकडा सात भाग असते.

आणि ही साखर आपण विकत आणतो. १९९८ पासून भारत जगात सर्वांत अधिक दूध काढणारा देश आहे; तरीही नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिका, न्यूझीलंड इथून पंचवीस-पंचवीस किलोंच्या गोण्या न्हावाशेवाला उतरतात. काही कारखाने खाद्य प्रतीची साखर आणून इथे औषधी प्रतीची शुद्ध करतात. जकातीच्या पुस्तकात ती दुधाच्या प्रकरणात नाही. साखरेच्या प्रकरणात, १७०२ या क्रमांकाखाली, गुळाच्या शेजारी आहे.

यात कोणाचा आळस नाही. आपले दूध चहात, दह्यात, तुपात जाते. पेढ्या-बर्फीच्या खव्यात तर साखर आतच राहते, पाणी तेवढे उडते. चक्क्याची निवळी आंबट, म्हणजे तिच्यातली काही साखर विरजणाने आधीच खाल्लेली. बंगाली मिठाईवाल्यांची निवळी गोडी असते, पण ती शेकडो दुकानांत विखुरलेली. निवळीत शंभरात त्र्याण्णव भाग पाणीच. ते उडवण्याचा खर्च परवडायचा तर तिचा मोठा साठा एका जागी रोज हवा, आणि तसा तो मोठ्या चीज कारखान्याखेरीज होत नाही. आता आपल्याकडेही असे कारखाने उभे राहिले आहेत, निवळीची भुकटीही होते. पण चीज खाण्याची सवय आपल्याला उशिरा लागली.

यंदा दिवाळीसाठी घरी चक्का टांगला होता. खालचे पातेले उचलून सूनबाई मोरीकडे निघाल्या तेव्हा मी त्यांना थांबवले आणि वरची सारी कथा ऐकवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. मग विचारले, "बरं, मग याचं करू काय?" मला सांगता येईना. कणीक त्यात मळली. पुऱ्या खुसखुशीत झाल्या होत्या.