दुसरा रिचर्ड : वारसाहक्क आणि राजमुकुट

इंग्रजी नाटकांतील शोकात्म राजे म्हटले की लिअर आणि मॅकबेथ यांची आठवण प्रथम होते. राज्यव्यवहाराच्या अभ्यासकाने मात्र शेक्सपिअरचे ‘दुसरा रिचर्ड’ आधी वाचावे, असे मला वाटते.

हा राजा खून करून सिंहासनावर आलेला नाही; तो वंशपरंपरेने आलेला कायदेशीर राजा आहे. त्याच्या ऱ्हासाची सुरुवात होते ती तिजोरीपासून. दरबारी उधळपट्टीने खजिना रिता झालेला असतो आणि आयर्लंडच्या मोहिमेसाठी पैसा हवा असतो. तेव्हा तो राज्याचा महसूल इजाऱ्याने देतो आणि अधिकाऱ्यांच्या हाती कोरी खते सोपवतो. धनिक कोण हे कळले, की त्यावर हवा तो आकडा भरायचा!

फेब्रुवारी १३९९ मध्ये राजाचा काका जॉन ऑफ गाँट वारला. त्याचा पुत्र हेन्री बोलिंगब्रोक तेव्हा हद्दपारीत होता. राजाने त्याचा सारा वारसा जप्त केला. नाटकात ड्यूक ऑफ यॉर्क हा दुसरा काका राजाला विचारतो, की वारसाहक्कच मोडीत काढला, तर तू तरी कोणत्या आधारावर राजा आहेस? या प्रश्नाला रिचर्डपाशी उत्तर नाही. जुलैमध्ये हेन्री परतला. आज त्याची जहागीर गेली, उद्या आपली जाईल, या भयाने अनेक सरदार त्याला मिळाले आणि सप्टेंबरअखेर रिचर्ड पदच्युत झाला.

शेक्सपिअरचे मोठेपण यापुढे दिसते. सत्ता जाते तसतशी रिचर्डविषयीची सहानुभूती वाढत जाते. स्वतःवरील आरोपपत्र मोठ्याने वाचण्याचा आग्रह होताच, डोळे पाण्याने भरल्यामुळे ते दिसत नाही, असे तो सांगतो. पदत्यागाचा हा प्रसंग १५९७ च्या पहिल्या छापील आवृत्तीत नाही. तो प्रथम १६०८ मध्ये छापला गेला. दरम्यान, ७ फेब्रुवारी १६०१ रोजी अर्ल ऑफ एसेक्सच्या समर्थकांनी नेहमीच्या रकमेवर ४० शिलिंग जादा देऊन रिचर्डच्या पदच्युतीचे नाटक करवून घेतले. ते बहुधा हेच असावे. दुसऱ्याच दिवशी एसेक्सचे बंड झाले आणि फसले.

नाटक हेन्रीलाही निर्दोष ठरवत नाही. आपला वारसा मागत आलेला माणूस दुसऱ्याचा मुकुट घेऊन बसतो. तिजोरीची निकड खरी असतेच. पण ती भागवताना ज्या नियमावर आपले आसन टेकलेले आहे तोच मोडला, तर पुढे येणाऱ्यालाही तो नियम पाळण्याचे कारण उरत नाही.