दोन तारांची हजेरी

आमचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. पण मंडळी, आज भांड्यांविषयी नाही, तांब्याच्या दोन तारांविषयी लिहितो. विषय माझ्या बी.ए.च्या बाहेरचा आहे, पण त्यात शाळा दिसली म्हणून लिहावंसं वाटलं.

१९८२ मध्ये हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने 'आय-टू-सी' ही पद्धत काढली. एका तारेवर निरोप, दुसरीवर ताल. प्रत्येक चिपला एक नंबर. नियंत्रक नंबर पुकारतो, ज्याचा नंबर तोच उत्तर देतो, बाकीचे गप्प. ही आपली वर्गातली हजेरीच की! १९८३ साली 'आरएस-४८५' हे मानक आलं. तारांच्या एकाच जोडीवर ३२ यंत्रं, अंतर सुमारे १२०० मीटरपर्यंत. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि यंत्र दोहोंतला फरक तेवढा वाचतं, म्हणून निरोप बिघडत नाही.

याचा उपयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला. नारायणगावजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात. मूळ रचनेत प्रत्येक अँटेनापाशी एक संगणक होता. छोटी नियंत्रक कार्डं 'आरएस-४८५' वाहिनीवरून त्याला जोडलेली. दूरच्या अँटेनातलं कुठलं मंडल बिघडलं, हे तिथे न जाता कळायचं.

पुढे १९९५ मध्ये इंटेलने 'आय-टू-सी'वरून 'एसएमबस' काढली, आणि १९९७ मध्ये मापनयंत्रांची 'पीएक्सआय' ही चौकट आली. एका चौकटीत हवी ती मापन कार्डं बसवायची, एक नियंत्रक त्यांना चालवणार. तिच्या पुढच्या 'एक्स्प्रेस' आवृत्तीत एसएमबसचीही सोय आहे.

पण तारा जोडल्या म्हणजे संवाद झाला, असं नाही. कुणाचा नंबर काय आणि त्याच्या उत्तराचा अर्थ काय, हे कुठेतरी लिहिलेलं लागतं. तो कागद हरवला, किंवा बनवणाऱ्याने दिलाच नाही, तर विकत घेतलेलं यंत्रही मालकाशी बोलत नाही. मास्तर निवृत्त होतात, हजेरीपत्रक शाळेतच राहतं, म्हणून नवा मास्तर पहिल्याच दिवशी मुलांना नावाने हाक मारू शकतो. यंत्रं घडवणाऱ्यांनीही एवढं मागे ठेवावं.

असो.