उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हणीचा रोख अर्थातच माणसाच्या दैवाकडे आहे. परंतु ज्या उकिरड्यावरून ती निघाली, त्याचे स्वतःचे पांग फिटावयास बारा वर्षे पुरली नाहीत. शेतातून जे निघाले ते पुन्हा शेतात पोचविणाऱ्या या जागेचे मोल विद्वानांच्या व सरकारच्या ध्यानी यावयास अर्धे शतक लागले. त्या अर्ध्या शतकाची हकीकत आज श्रोत्यांपुढे मांडावयाची आहे.

अन्नाचा प्रवास आपण एकाच दिशेने मोजतो. शेत, खळे, बाजार, स्वयंपाकघर आणि शेवटी ताट. जुन्या शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र या वाटेला परतीची वाट जोडलेली असे. धान्य घरात आले तरी कडबा बैलाच्या पुढ्यात जाई, शेण उकिरड्यावर पडे, चुलीतील राख त्यात मिसळे, आणि पावसाळ्यापूर्वी हे सारे गाडीत भरून शेतात जाई. सुगी संपली की धनगराच्या मेंढ्या शेतात बसवावयाच्या, तळे आटले की त्यातील गाळ उपसून जमिनीवर पसरावयाचा. जमिनीकडून घेतलेले उसने तिला परत करावयाचे, असा हा व्यवहार होता.

हा व्यवहार मोडत चालल्याची जाणीव मराठीत प्रथम निर्भीडपणे मांडली ती जोतीराव फुले यांनी. 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या कर्जाची व अज्ञानाची चर्चा आहेच. पण तेवढीच ती नाही. जंगलखात्याने गावची चराऊ राने ताब्यात घेतल्यामुळे गुरे कशी घटली, आणि गुरांबरोबर जमिनीचे पोषण कसे आटले, हेही त्यांनी दाखविले. पालापाचोळा व जनावरांची विष्ठा पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यांतून वाहून जाते. ती शेतातच मुरावी म्हणून सरकारने ताली व बंधारे घालावेत, अशी त्यांची मागणी होती. सरकारी कृषिशास्त्राने तिची दखल घेतल्याचे काही दिसत नाही.

पुढे 1889 साली ऑगस्टस व्होल्कर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानात आले. येथील शेतीत रसायनशास्त्राच्या साहाय्याने कोणती सुधारणा करता येईल, हे पाहण्यासाठी त्यांना पाठविण्यात आले होते. येथील शेतकरी मागासलेला आहे, हे मत इंग्लंडात तेव्हा रूढ होते. व्होल्कर यांनी देशभर हिंडून 1893 साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हे मत त्यांनी साफ नाकारले. येथील उत्तम शेतकरी इंग्लंडातील सामान्य शेतकऱ्याच्या तोडीचा, किंबहुना काही बाबतींत सरसच आहे. त्याचे अडते ते साधनांपाशी, असा त्यांचा निष्कर्ष होता. शेण जाळण्याच्या चालीविषयी त्यांचे विवेचन तर विशेष मननीय आहे. शेतकरी गोवऱ्या जाळतो तो खताचे मोल न कळल्यामुळे नव्हे. त्याला सरपण मिळत नाही म्हणून. तेव्हा उपदेश करण्याऐवजी गावोगाव सरपणाची व वैरणीची राने राखावीत, अशी शिफारस त्यांनी केली.

हा अहवाल मी उशिरा वाचला, याचे मला वैषम्य वाटते. नोकरीच्या आरंभी एका कोरडवाहू तालुक्यात असताना ग्रामसभेत मी शेणखतावर चांगले अर्धा तास बोललो होतो. भाषण संपल्यावर मागे बसलेले एक वृद्ध शेतकरी उठले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, शेण शेतात घातलं, तर चूल कशावर पेटवायची, तेवढं सांगा.” माझ्यापाशी उत्तर नव्हते. व्होल्कर यांनी ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. मी मात्र कोरे परिपत्रक हाती घेऊन तेथे गेलो होतो.

शेतकऱ्याकडून शिकण्याची वृत्ती ज्याच्या ठायी पुरी बाणली, असा अधिकारी 1905 साली बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत आला. त्याचे नाव अल्बर्ट हॉवर्ड. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके कीडनाशकांवाचून निरोगी राहतात, हे पाहून त्याने त्यांनाच आपले गुरू केले. पुढे मोठेपणी हे ऋण त्याने मोकळ्या मनाने मान्य केले. बियाण्याचे खाते निराळे, किडीचे निराळे, मातीचे निराळे, ही संशोधनातील वाटणी त्याला मानवेना. पीक शेतात एकसंध उभे असते. त्याचा अभ्यासही तसाच व्हावा, असे त्याला वाटे.

1924 साली इंदुरास ती संधी मिळाली. होळकर दरबाराने जमीन दिली, कापूस समितीने द्रव्य दिले आणि हॉवर्ड यांच्या हाताखाली नवी संस्था उभी राहिली. पऱ्हाट्या व तुराट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडावयाच्या, त्या गुरांखाली अंथरावयाच्या. मग शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांच्यासह उथळ खड्ड्यांत त्यांचे थर रचून ठराविक वेळी तीनदा खालीवर करावयाचे. सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार होई. हीच ‘इंदूर पद्धत’ म्हणून पुढे जगभर गेली. 1931 साली तिच्यावर जो ग्रंथ ऑक्सफर्डतर्फे निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगताना हॉवर्ड सर्वांना आठवतात. वाड यांची आठवण इंदूरच्या मराठी मंडळींनी तरी ठेवावयास हवी.

या पद्धतीत नवे काय होते? हवा, ओलावा व वेळ यांचे मोजमाप शास्त्राचे होते. कल्पना उकिरड्याचीच होती. हॉवर्ड यांनी ते कधी लपविले नाही.

पुढे प्रश्न शहरांचा आला. धान्याबरोबर शेताची शक्ती शहरात जाते व तेथेच कुजते. शहरातील कचरा व मैला यांचे खत करण्याची रीत 1939 च्या सुमारास बंगलोर येथे आचार्य या शास्त्रज्ञांनी बसविली. 2016 साली केंद्र सरकारने ओला व सुका कचरा घरीच वेगळा करण्याचा नियम केला. तरीही काच व प्लास्टिक मिसळलेले खत शेतकरी नाकारतो, तेव्हा त्याला आडमुठा ठरविण्यात येते. वस्तुतः तो आपली जमीन राखीत असतो.

जमिनीचा कस टिकवावा, असे आज सर्वजण शेतकऱ्यास सांगतात. त्याला ते ठाऊक आहे. परतीच्या वाटेवरील आपला टप्पा त्याने शतकानुशतके सांभाळला. मोडला आहे तो बाजाराचा, शहराचा आणि तुमच्या-आमच्या स्वयंपाकघराचा. गुरे पोसावयास चारा, खत वाहावयास मजुरी आणि शेतमालास भाव, एवढे त्याच्या पदरी पडले, तर शेणखतावर भाषण करावयास कोणा अधिकाऱ्याने गावी जाण्याचे कारण उरणार नाही. त्या वृद्धाच्या प्रश्नाला माझे उत्तर इतकेच आहे. ते द्यावयास फार उशीर झाला, हे मला मान्य आहे.