ड्युको : स्फोटक कापसापासून छोट्या मोटारीपर्यंत

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या गॅरेजांत ऐकू येणारा 'ड्युको' हा शब्द मुळात अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीच्या एका रंगाचे व्यापारी नाव.

१८४६ मध्ये शोनबाइनने कापसापासून स्फोटक नायट्रोसेल्युलोज तयार केले. बंदुकीच्या दारूवर मोठ्या झालेल्या ड्युपाँटने त्याच कुळातील सौम्य पदार्थ द्रावकात विरघळवून लॅकर बनवले. १९२४ च्या ओकलंड मोटारी त्याने निळ्या रंगल्या. कुंचल्याने दिलेले जुने रंग वाळायला कित्येक आठवडे घेत. हा मात्र कुंचला फिरण्याआधीच आवळू लागे. फवारणीची बंदूक मोटारधंद्यात रुजली, ती बरीचशी या घाईमुळेच!

मोटारींच्या प्रतिकृती रंगवणारे अनेक छांदिष्ट आजही लॅकरच फवारतात. पण मोटार २४ पटींनी लहान झाली, तरी रंगाचा थर आपोआप पातळ होत नाही. खऱ्या मोटारीवरील साधारण ०.१ मिलिमीटरचा थर १:२४ प्रतिकृतीवर २.४ मिलिमीटरचा भासतो आणि दारांच्या फटी बुजतात. म्हणून विरळ हात, पुन:पुन्हा.

त्यात बदलापूरचा पावसाळा. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि चकचकीत काळा रंग दुधाळतो. अशा दिवसांत गॅरेजवाला आणि छांदिष्ट, दोघेही उघडिपीची वाट पाहतात.