उत्तरं दिली म्हणून खटला

लैंगिक त्रासाबद्दलचा प्रश्न पेशंट बहुधा शेवटी विचारतात, केसपेपर घेऊन उठता उठता. तुम्हीही असेच अडखळत असाल तर ही जुनी हकीकत वाचा.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाईंची साथ मात्र होती. जुलै १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढू लागले. मूल कधी हवं हे बाईनं ठरवावं, एवढ्यावर ते थांबले नाहीत. कामसुखावर तिचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, असं त्यांनी लिहिलं. माझ्या मते लोकांना खरं झोंबलं ते हेच.

वाचक पत्रांतून हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण यांविषयी विचारत, कर्वे उत्तरं छापत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर (हो, आपल्या काळाराम सत्याग्रहाचे). निकाल विरुद्ध गेला, २०० रुपये दंड झाला. तरी १९५३ मध्ये कर्वे वारले तोवर मासिक चालूच होतं.

प्रश्न आजही तेच येतात. हस्तमैथुनानं अशक्तपणा किंवा नपुंसकत्व येत नाही. आणि ताई, संबंधाच्या वेळी दुखत असेल तर ‘बाईनं सोसायचंच’ असं काही नसतं. कोरडेपणा, जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिऑसिस अशी कारणं असू शकतात. तपासून घ्या.