सीमाभागातील स्त्री लोकप्रतिनिधी आणि ग्रामविकास

बेळगाव, खानापूर आणि निपाणी हा कर्नाटकातील मराठीबहुल पट्टा गोव्याच्या नित्य परिचयाचा. चोर्ला घाटातून येणारी भाजी आणि म्हादईचा वाद यांपलीकडे या भागातील ग्रामकारभाराची माहिती मात्र गोव्यात फारशी पोहोचत नाही. तेथील पंचायतींत आज निम्म्या जागांवर स्त्रिया निवडून येतात.

आरक्षणाची वाटचाल

स्त्रियांना स्थानिक संस्थांत जागा राखून ठेवण्यात कर्नाटक अग्रेसर ठरले. 1983 च्या कायद्याने 25 टक्के जागा राखीव झाल्या आणि 1987 च्या निवडणुकांत त्याची अंमलबजावणी झाली. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर 1993 च्या कायद्याने हे प्रमाण एक तृतीयांश झाले, तर 2010 मध्ये 50 टक्क्यांवर गेले. गोव्यात ते एक तृतीयांश आहे.

निपाणीत याला आणखी जुनी पार्श्वभूमी आहे. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रिया आरक्षणाच्या आधीच संघटित झाल्या होत्या. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या गटाने 1982 मध्ये माहितीपट केला.

कारभाराची रचना

गोव्यात पंचायतराज द्विस्तरीय आहे. कर्नाटकात ग्राम, तालुका व जिल्हा असे तीन स्तर आहेत. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हाविना होते. सीमेपलीकडे कागल वा चंदगड तालुक्यात जिला सरपंच म्हणतात, ती येथे ‘अध्यक्षा’ असते. तिची निवड सदस्यांतून होते आणि हे पदही आरक्षणाच्या फेऱ्यात येते. आर्थिक व्यवहार तिला पंचायत विकास अधिकाऱ्यासोबत करावे लागतात.

हाताशी येणारा निधी बव्हंशी बांधील असतो. 2021-26 या काळात पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण अनुदानापैकी 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेवरच खर्चावी लागे. रोजगार हमीची कामे ग्रामसभेच्या आराखड्यातून ठरतात. त्यामुळे नळजोडणी आधी कोणत्या वाड्याला, अंगणवाडीची दुरुस्ती की रस्ता, हे प्रभागसभा आणि ग्रामसभेत ठरते. अध्यक्षेचे खरे सामर्थ्य या क्रमवारीत आहे.

अडसर

पहिला अडसर घरातला. पद पत्नीकडे आणि बैठकीत पती, हे चित्र देशभर आढळते आणि सीमाभागही त्यास अपवाद नाही. दुसरा भाषेचा. मराठी बोलणाऱ्या गावातही कार्यालयीन पत्रव्यवहार कन्नडमध्ये चालतो. मराठी शाळेत शिकलेली सदस्या ठराव आणि अंदाजपत्रक वाचण्यासाठी दुसऱ्यावर विसंबते. सहीची जबाबदारी मात्र तिचीच राहते. मराठीत कागदपत्रे मिळावीत, ही जुनी मागणी म्हणूनच केवळ अस्मितेची नाही, ती हिशेब तपासण्याच्या अधिकाराचीही आहे.

तिसरा अडसर शासनाचा. कर्नाटकातील जिल्हा व तालुका पंचायतींची मुदत 2021 मध्ये संपली आणि पुढील निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. परिणामी त्या दोन स्तरांवरील स्त्रियांच्या निम्म्या जागाही रिकाम्या राहिल्या व निर्णय प्रशासकांच्या हाती गेले.

वरच्या पायऱ्या

विधानसभेत स्त्रियांना अद्याप आरक्षण लागू नाही. तरी या पट्ट्याने स्त्रियांना निवडून दिले आहे. निपाणीतून शशिकला जोल्ले 2013 पासून तीन वेळा विजयी झाल्या आणि 2019 मध्ये महिला व बालविकास मंत्री बनल्या. तेच खाते 2023 पासून बेळगाव ग्रामीणच्या लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याकडे आले. कुटुंबप्रमुख स्त्रीला दरमहा 2000 रुपये देणारी ‘गृहलक्ष्मी’ योजना याच खात्याची. खानापूरचे प्रतिनिधित्व 2018 ते 2023 या काळात डॉ. अंजली निंबाळकर यांनी केले. बेळगाव महापालिकेत 2023 मध्ये महापौर शोभा सोमनाचे आणि उपमहापौर रेश्मा पाटील, अशी दोन्ही पदे स्त्रियांकडे होती.

पक्ष भिन्न असले, तरी तालुका व जिल्हा पंचायत ही नेतृत्व घडण्याची मधली पायरी आहे. ती रिकामी राहिल्यास ग्रामपंचायतीतील अनुभवी स्त्रीला पुढे जाण्याची वाट उरत नाही. त्यामुळे तेथील प्रलंबित निवडणुका हा सीमाभागातील स्त्रियांच्या राजकीय सहभागाचा कळीचा प्रश्न ठरतो.